वाढता लाभांश: पैसा नेमका येतो कुठून?

२०२४ च्या फेब्रुवारीत मेटा कंपनीने आपल्या इतिहासातला पहिला लाभांश जाहीर केला आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच गूगलची मालक असलेल्या अल्फाबेटनेही तीच वाट धरली. तोपर्यंत तंत्रज्ञान क्षेत्रातल्या अनेक मोठ्या कंपन्यांचा सूर असा होता की, मिळालेला नफा व्यवसायातच पुन्हा गुंतवणे हे भागधारकांच्या अधिक हिताचे आहे. या दोन घोषणांमुळे गुंतवणुकीची एक जुनी पद्धत पुन्हा चर्चेत आली. आज भरपूर लाभांश देणाऱ्या कंपनीपेक्षा, दरवर्षी थोडा थोडा अधिक लाभांश देत जाणारी कंपनी निवडावी आणि तिचे समभाग दीर्घकाळ बाळगावेत, अशी ही पद्धत आहे. तिचे आकर्षण समजण्यासारखे असले, तरी तिच्याभोवती काही गोड गैरसमजही जमलेले आहेत. त्यांपैकी सर्वात मोठा गैरसमज म्हणजे वाढता लाभांश हाच संपत्तीचा उगम आहे, असे मानणे.

लाभांश म्हणजे काय?

कंपनीला झालेल्या नफ्यापैकी जो भाग भागधारकांना वाटून दिला जातो, तो लाभांश. तो देण्याचे बंधन सहसा नसते. कर्जावरचे व्याज थकले तर कंपनी अडचणीत येते. लाभांश न दिल्यास भागधारक नाराज होतात, समभागाचा भाव पडू शकतो, पण कंपनी बुडीत निघत नाही. किती द्यायचा आणि द्यायचा की नाही, हे संचालक मंडळ ठरवते. ही प्रथा जुनी आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने आपला पहिला लाभांश १६१० मध्ये दिला आणि तोही मुख्यतः जायपत्रीच्या रूपात, म्हणजे भागधारकांच्या हाती नाण्यांऐवजी मसाला पडला.

पुढील विवेचनासाठी दोनच संज्ञा आवश्यक आहेत. समभागाच्या आजच्या भावाच्या तुलनेत वर्षाचा लाभांश किती टक्के आहे, हे सांगणाऱ्या आकड्याला यील्ड म्हणतात. भाव १०० आणि वर्षाचा लाभांश ३ असेल, तर यील्ड ३ टक्के. दुसरी संज्ञा वितरण प्रमाण. नफ्याचा किती हिस्सा लाभांश म्हणून वाटला, हे त्यातून कळते. प्रतिसमभाग नफा १० आणि लाभांश ४ असेल, तर वितरण प्रमाण ४० टक्के.

कमी यील्डचा समभाग घ्यायचाच कशाला?

समजा, दोन समभाग आहेत आणि दोहोंचा भाव १०० आहे. पहिला वर्षाला ६ देतो, पण ही रक्कम कधीच वाढत नाही. दुसरा पहिल्या वर्षी फक्त अडीच देतो, मात्र त्याचा लाभांश दरवर्षी ९ टक्क्यांनी वाढतो. पहिली काही वर्षे दुसरा समभाग घेणारा माणूस चुकल्यासारखा दिसेल. बाराव्या वर्षी त्याचा वार्षिक लाभांश पहिल्याच्या पुढे जातो आणि त्यानंतर हे अंतर वेगाने वाढत जाते. या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना हेच गणित दाखवायला आवडते आणि ते बरोबरही आहे.

त्याच गणिताचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. आतापर्यंत हातात आलेल्या एकूण रकमेची बेरीज केली, तर दुसरा समभाग पहिल्याला एकोणिसाव्या वर्षी मागे टाकतो. तेही ९ टक्क्यांची वाढ इतकी वर्षे अखंड टिकली, तरच. ज्याला येत्या पाच-सात वर्षांत घरखर्चासाठी उत्पन्न हवे आहे, त्याच्यासाठी ही पद्धत सोयीची नाही, हे आकडेच सांगतात. ती मुख्यतः अशा गुंतवणूकदारासाठी आहे, ज्याला उत्पन्नाची गरज दूरच्या काळात आहे आणि तोपर्यंत मिळणारा लाभांश तो पुन्हा त्याच किंवा दुसऱ्या समभागांत गुंतवू शकतो.

स्थिर रकमेत एक मोठा दोषही आहे, तो महागाईचा. दरवर्षी ६ देणारा समभाग पंधरा वर्षांनीही ६ च देत असेल, तर त्या सहांत येणारे सामान बरेच कमी झालेले असते. लाभांशाची वाढ महागाईपेक्षा अधिक असली, तरच भागधारकाचे उत्पन्न खऱ्या अर्थाने वाढते. एखादी कंपनी वर्षाला एक-दीड टक्क्याची नाममात्र वाढ देऊन ‘सलग इतकी वर्षे वाढ’ असा लौकिक टिकवत असेल, तर त्या लौकिकाला फारशी किंमत देऊ नये, असे मला वाटते.

कोका-कोलाचे उदाहरण, आकड्यांसह

या विषयावर बोलताना प्रसिद्ध अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने केलेल्या कोका-कोलाच्या खरेदीचा दाखला हमखास दिला जातो. बर्कशायरने ही खरेदी १९९४ मध्ये पूर्ण केली आणि तिला एकूण १.३ अब्ज डॉलर लागले. त्या वर्षी तिला कोका-कोलाकडून ७.५ कोटी डॉलर लाभांश मिळाला. २०२२ मध्ये हाच आकडा ७०.४ कोटी डॉलरवर गेला. म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या निम्म्याहून अधिक रक्कम एका वर्षाच्या लाभांशातून परत आली. हे आकडे बफे यांनी स्वतः भागधारकांना लिहिलेल्या पत्रात दिलेले आहेत आणि ते ऐकून कोणाचेही डोळे विस्फारतात.

परंतु ‘मूळ खरेदी किमतीवर ५४ टक्के’ हा आकडा जितका सुखावतो, तितकाच तो फसवा आहे. २०२२ च्या अखेरीस बर्कशायरकडील त्या समभागांचे बाजारमूल्य सुमारे २५ अब्ज डॉलर होते. त्या मूल्यावर ७०.४ कोटींचा लाभांश म्हणजे केवळ २.८ टक्के. आज हे समभाग ठेवायचे की विकून ती रक्कम दुसरीकडे गुंतवायची, हा निर्णय घेताना हाताशी असलेले भांडवल २५ अब्ज आहे; १.३ अब्ज ही इतिहासजमा रक्कम आहे. खरेदी किमतीवर काढलेले यील्ड आपण पूर्वी केलेल्या निवडीचे कौतुक करते, पण पुढे काय करावे याबद्दल काहीही सांगत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट नफ्याच्या आकड्यांत दडलेली आहे. १९९४ मध्ये कोका-कोलाचा प्रतिसमभाग नफा १.९८ डॉलर होता आणि लाभांश ०.७८ डॉलर, म्हणजे वितरण प्रमाण ३९ टक्के. पुढे १९९६ आणि २०१२ मध्ये प्रत्येकी एका समभागाचे दोन समभाग झाले. ही विभागणी हिशेबात धरली, तर १९९४ चा नफा आजच्या एका समभागामागे अर्ध्या डॉलरहून किंचित कमी भरतो. २०२२ मध्ये नफा २.१९ डॉलर होता आणि लाभांश १.७६ डॉलर, म्हणजे वितरण प्रमाण ८० टक्के. अठ्ठावीस वर्षांत प्रतिसमभाग लाभांश नऊपट झाला, परंतु प्रतिसमभाग नफा साडेचारपटीच्या आतच राहिला. उरलेली दुप्पट आली ती नफ्यातला वाटा वाढवल्यामुळे. लाभांशाची वाढ वर्षाला सरासरी आठ टक्क्यांहून थोडी अधिक दिसते, तर नफ्याची साडेपाच टक्क्यांच्या आसपास.

यात कोका-कोलाने काही गैर केले, असे अजिबात नाही. परिपक्व व्यवसायाला नव्या कारखान्यांसाठी फारसे भांडवल लागत नसेल, तर ते मालकांना परत करणे योग्यच आहे. पण ३९ वरून ८० वर गेलेले प्रमाण पुन्हा दुप्पट होऊ शकत नाही, कारण १६० टक्के नफा कोणालाही दीर्घकाळ वाटता येत नाही. मागील अठ्ठावीस वर्षांची रेषा जशीच्या तशी पुढे ओढणारा गुंतवणूकदार नेमका इथेच चुकतो.

वाढीचे तीन स्रोत

तेव्हा प्रतिसमभाग लाभांश तीन कारणांनी वाढू शकतो: नफा वाढल्याने, त्यातला वाटप होणारा हिस्सा वाढल्याने, किंवा कंपनीने बाजारातून स्वतःचेच समभाग विकत घेऊन रद्द केल्याने. तिसऱ्या प्रकारात वाटेकरी कमी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला अधिक येते. याला पुनर्खरेदी म्हणतात. ती वाजवी भावात झाली तर उरलेल्या भागधारकांचा फायदा होतो; चढ्या भावात झाली तर कंपनीचे, म्हणजे पर्यायाने त्यांचेच, पैसे वाया जातात.

विहिरीचा मालक उपसा वाढवून काही काळ अधिक पाणी दाखवू शकतो, पण विहिरीचे खरे बळ तिच्या झऱ्यांत असते आणि झऱ्यांपेक्षा उपसा अधिक झाला की तळ दिसू लागतो. लाभांशाच्या बाबतीत झरा म्हणजे नफा, आणि नफ्याची वाढ अवलंबून असते ती व्यवसायात राखून ठेवलेल्या पैशावर कंपनी किती कमावते यावर. भागधारकांच्या भांडवलावर वर्षाला २० टक्के कमावणारी कंपनी नफ्यातला ६० टक्के भाग वाटून ४० टक्के राखत असेल, तर नवे भांडवल न उभारता ती साधारण ८ टक्के दराने वाढू शकते. तीच कंपनी ९० टक्के वाटू लागली, तर हा दर २ टक्क्यांवर येतो. भरघोस वाटप आणि वेगवान वाढ ही दोन्ही सुखे एकाच वेळी पुरवणारे व्यवसाय असतात, पण विरळा.

व्यवस्थापन लाभांश कमी करायला इतके का कचरते?

१९५६ मध्ये जॉन लिंटनर या अर्थतज्ज्ञाने २८ कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून एक निरीक्षण नोंदवले, जे आजही बहुतांशी लागू पडते. नफा एकदम वाढला, तरी कंपन्या लाभांश लगेच त्या प्रमाणात वाढवत नाहीत. त्या सावकाश, पायरीपायरीने आपल्या ठरलेल्या प्रमाणाकडे सरकतात. याचे कारण असे की, एकदा वाढवलेला लाभांश पुन्हा खाली आणण्याची वेळ कोणालाही नको असते. कपात म्हणजे संकटाची जाहीर कबुली, असा अर्थ बाजार लावतो.

या कचरण्यामुळेच लाभांशवाढीला संदेशाचे मूल्य येते. नफ्याचा आकडा हिशेबाच्या पद्धती बदलून काही अंशी वर-खाली करता येतो, परंतु लाभांश रोख द्यावा लागतो. संचालक मंडळ जेव्हा दीर्घकाळ टिकेल अशी वाढ जाहीर करते, तेव्हा ते पुढील उत्पन्नाबद्दलचा आपला विश्वास पैशानिशी व्यक्त करत असते. मात्र ही साक्ष झाली. तिला हमी समजू नये.

‘लाभांश म्हणजे फुकटचा पैसा’ हे खरे आहे का?

नाही. ज्या दिवसापासून समभाग घेणाऱ्याला येऊ घातलेला लाभांश मिळणार नसतो, त्या दिवशी समभागाचा भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो. इतर घडामोडींमुळे ही घट झाकली जाऊ शकते, पण ती असते. कंपनीच्या तिजोरीतून पैसा बाहेर गेला, म्हणून कंपनीचे मूल्य तितके कमी झाले, इतकी ही साधी गोष्ट आहे. लाभांशासाठी आदल्या दिवशी समभाग घेऊन दुसऱ्या दिवशी विकण्याची युक्ती त्यामुळेच नवख्याला निराश करते.

१९६१ मध्ये मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी यांनी हाच विचार टोकापर्यंत नेला. कर नाहीत, व्यवहारखर्च नाही आणि सर्वांना सारखीच माहिती आहे, अशा आदर्श बाजारात कंपनी लाभांश देते की नाही याने भागधारकाच्या संपत्तीत काहीच फरक पडत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. पैसे हवे असतील, तर भागधारक थोडे समभाग विकून स्वतःच लाभांश तयार करू शकतो.

मग सरळ समभागच का विकू नयेत?

हा आक्षेप गणिताच्या दृष्टीने भक्कम आहे आणि तो झटकून टाकू नये. अनेक ठिकाणी करांचे नियमही त्याच्याच बाजूने असतात, कारण विक्रीतून झालेल्या नफ्यावरच कर लागतो आणि विक्री कधी करायची हे आपल्या हातात असते. लाभांश मात्र आपल्याला नको असला, तरी येतो आणि सोबत कर घेऊन येतो. प्रत्यक्ष नियम ज्याच्या त्याच्या देशावर अवलंबून आहेत आणि लाभांश पुन्हा गुंतवणाऱ्यांनी ते आधी पाहिले पाहिजेत.

परंतु माणूस गणिताप्रमाणे वागत नाही. बाजार कोसळलेला असताना, पडलेल्या भावात आपले समभाग विकून घरखर्च चालवणे मनाला फार जड जाते आणि अनेक जण त्याच घबराटीत सगळेच विकून बाहेर पडतात. लाभांशाचा प्रवाह भावांपेक्षा बराच संथपणे हलतो. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला. त्याच निर्देशांकातल्या कंपन्यांचा एकत्रित लाभांश २००८ च्या तुलनेत २००९ मध्ये सुमारे एक-पंचमांशाने कमी झाला. भाव न पाहता केवळ जमा होणाऱ्या उत्पन्नाकडे पाहणारा गुंतवणूकदार अशा काळात टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. ही शिस्तीची बाजू आहे. अधिक परतावा मिळण्याचा हा पुरावा मात्र नव्हे, आणि पुरस्कर्ते या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ करतात.

पंचवीस वर्षांची परंपरा सुरक्षित मानावी का?

एस अँड पी ५०० मधील ज्या कंपन्यांनी सलग किमान २५ वर्षे लाभांश वाढवला आहे, त्यांना ‘डिव्हिडंड अ‍ॅरिस्टोक्रॅट्स’ असे भारदस्त नाव आहे. यादी उपयुक्त आहे, पण ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: ज्यांनी कपात केली, त्या कंपन्या यादीतून बाहेर पडलेल्या असतात. आज दिसतात त्या टिकून राहिलेल्या.

बाहेर पडलेल्यांची नावे लहान नाहीत. फायझरने २००९ मध्ये एक मोठी कंपनी विकत घेताना लाभांश निम्म्यावर आणला. एटी अँड टी ने २०२२ मध्ये माध्यम व्यवसाय वेगळा करताना वार्षिक लाभांश २.०८ डॉलरवरून १.११ डॉलरवर आणला. वॉलग्रीन्सने जानेवारी २०२४ मध्ये तिमाही लाभांश ४८ सेंटवरून २५ सेंट केला. त्याच वर्षी थ्रीएम या कंपनीची साठ वर्षांहून जुनी वाढीची परंपरा तुटली. यादीबाहेरचे उदाहरण द्यायचे, तर शेलने एप्रिल २०२० मध्ये तिमाही लाभांश ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरची तिची ती पहिली कपात होती. जनरल इलेक्ट्रिकने २००९ मध्ये ३१ सेंटचे १० सेंट केले आणि २०१८ मध्ये तर तिमाही लाभांश एका सेंटवर आणून ठेवला.

या कपातींची कारणे वेगवेगळी असली, तरी त्यांतल्या अनेक अचानक आलेल्या नव्हत्या. कर्ज वाढत जाणे, वितरण प्रमाण चढत जाणे आणि मुख्य व्यवसायाची कमाई थांबणे ही लक्षणे बऱ्याचदा आधीपासून दिसत होती. आणखी एक लक्षण म्हणजे यील्डच अचानक मोठे दिसू लागणे. १०० चा भाव ५० झाला आणि लाभांश ४ च राहिला, तर यील्ड ४ वरून ८ टक्के होते. हा वाढलेला आकडा कंपनी उदार झाल्याचे सांगत नाही. पुढे कपात होईल, अशी बाजाराची शंका सांगतो. बाजाराची शंका चुकीचीही ठरते, पण ती का आली हे न तपासता केवळ मोठ्या आकड्यामागे जाणे धोक्याचे असते.

लाभांश न देणाऱ्या कंपन्या वाईट असतात का?

कोका-कोलाच्या लाभांशाचे सर्वात प्रसिद्ध लाभार्थी असलेल्या बर्कशायरने स्वतः मात्र बफे यांच्या कारकिर्दीत फक्त एकदा, १९६७ मध्ये, प्रतिसमभाग १० सेंट लाभांश दिला. हाती आलेला पैसा आपण भागधारकांपेक्षा चांगला गुंतवू शकतो, अशी त्यामागची भूमिका होती आणि दीर्घकाळ ती खरी ठरली. मायक्रोसॉफ्टने पहिला लाभांश २००३ मध्ये दिला. ॲपलने नव्वदच्या दशकात बंद केलेला लाभांश २०१२ मध्ये पुन्हा सुरू केला. केवळ लाभांशवाढीच्या यादीतूनच निवड करणाऱ्याला या कंपन्यांच्या सर्वाधिक वाढीच्या काळात त्यांच्यापासून दूर राहावे लागले असते. ही या पद्धतीची खरी किंमत आहे आणि ती मान्य करूनच तिच्याकडे वळावे.

वार्षिक अहवालात नेमके कुठे पाहावे?

वितरण प्रमाण नफ्यावर काढले जाते, परंतु लाभांश रोख रकमेतून दिला जातो. म्हणून वार्षिक अहवालातील रोकड प्रवाहाचे विवरण उघडून व्यवसायातून आलेल्या रोख रकमेतून यंत्रे, इमारती आणि तत्सम भांडवली खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेशी लाभांशाची तुलना करावी. सलग काही वर्षे लाभांश या रकमेपेक्षा अधिक असेल, तर उरलेला पैसा कर्जातून, मालमत्तेच्या विक्रीतून किंवा जुन्या शिलकेतून येत आहे, असे समजावे. एकाच वर्षाचा आकडा पुरत नाही, कारण मोठा कारखाना उभारण्याच्या वर्षी कोणत्याही चांगल्या कंपनीचे चित्र बिघडलेले दिसते.

स्थावर मालमत्ता भाड्याने देणाऱ्या न्यासांना, म्हणजे रीटना, ही मोजपट्टी जरा बदलून लावावी लागते. अमेरिकेत त्यांना करपात्र उत्पन्नाच्या किमान ९० टक्के रक्कम वाटावीच लागते आणि त्यांच्या नफ्यातून इमारतींचा मोठा घसारा (झिजेपोटी हिशेबात वजा दाखवलेली, पण प्रत्यक्ष रोख बाहेर न जाणारी रक्कम) वजा झालेला असल्याने नफ्यावर काढलेले वितरण प्रमाण अनेकदा १०० टक्क्यांच्या वर दिसते. तिथे प्रत्यक्ष जमा होणारे भाडे आणि कर्जफेडीच्या तारखा अधिक बोलक्या असतात. तेल आणि धातूंसारख्या चढउताराच्या उद्योगांत तेजीच्या वर्षातले प्रमाण नेहमीच सुरक्षित भासते, म्हणून मंदीच्या वर्षात कंपनीने लाभांशाचे काय केले होते, हे मागे जाऊन पाहावे लागते. एकदाच दिला जाणारा विशेष लाभांश हिशेबातून वगळावा. तो धरल्यास त्या वर्षीची वाढ अवाजवी आणि पुढच्या वर्षी घट झाल्यासारखी दिसते.